दिवे मालवा, डाव मांडा!

दोन हजारच्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात संध्याकाळी वीज जाणे ही बातमी नव्हती. भारनियमनाचे वेळापत्रकच वर्तमानपत्रांतून छापून येत असे आणि माणसे त्यानुसार दळण, पाणी आणि मुलांचा अभ्यास यांची सोय लावत. दिवे गेले की घरातली मंडळी ओट्यावर येत. मुलांचा डबा ऐसपैस सुरू होई, आतल्या खोलीत कोणीतरी कंदिलासमोर हात धरून भिंतीवर हरिण किंवा ससा उमटवी, आणि मोठ्यांच्या गाण्याच्या भेंड्या एकदा लागल्या की वीज आल्याचेही कोणाच्या लक्षात येत नसे. या कार्यक्रमाला कोणी नाव दिलेले नव्हते.

आता त्याला नाव आहे, आणि ते परदेशातून आले आहे. घरातले सगळे दिवे बंद करून, अंधारात चमकणाऱ्या वस्तूंच्या साह्याने कुटुंबाने एकत्र खेळायचे, अशी ‘ग्लो गेम नाइट’ची कल्पना मोठ्या शहरांतल्या वाढदिवसांत रुळली आहे आणि हळूहळू तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचू लागली आहे. चमकणारी कडी, तारे, फुगे, रंग आणि ‘ब्लॅक लाइट’चे दिवे ऑनलाइन मागवले की चार दिवसांत दारात येतात. अडचण पुढे सुरू होते. खोक्यावर ‘ग्लो’ असे लिहिलेल्या वस्तूंत एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या चार प्रकारच्या वस्तू असतात. त्यांतला फरक माहीत नसला की हौसेने आणलेला रंग अंधारात काळाच राहतो, तारे दहा मिनिटांत विझतात आणि मुले पुन्हा मोबाइलकडे वळतात. क्वचित प्रसंगी डोळ्याला इजा होण्यापर्यंतही मजल जाते. म्हणून खेळाआधी थोडे चमकेविषयी.

‘रेडियम’ नावाचा गोंधळ

मराठी माणूस अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. छताला चिकटवायचे तारे रेडियमचे, मोटारसायकलच्या नंबरपाटीवरची अक्षरे रेडियमची आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची लाल-पांढरी पट्टीही रेडियमचीच. हमरस्त्याला लागून असलेल्या कोणत्याही गावात ‘रेडियम आर्ट’ अशी पाटी मिरवणारे एखादे दुकान सापडतेच. यांपैकी एकाही वस्तूत रेडियम नसते, आणि नसते हे चांगलेच आहे.

मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये शोधलेले रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते झिंक सल्फाइडमध्ये मिसळून घड्याळांच्या तबकड्यांसाठी रंग बनवला जाऊ लागला. त्या रंगाला उजेड दाखवावा लागत नसे, रेडियममधून सतत बाहेर पडणारे कण झिंक सल्फाइडला चमकत ठेवत. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज येथील कारखान्यात तरुण मुली हे आकडे रंगवत. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून तो ओठांत धरण्याची पद्धत त्यांना शिकवण्यात आली होती. रंग पोटात गेला, हाडांत साठला, आणि काही वर्षांत या मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजू लागली. कित्येकींचा बळी गेला. पाच जणींनी कंपनीविरुद्ध चालवलेला खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. कामगारांच्या आरोग्याच्या इतिहासात ही प्रकरणे ‘रेडियम गर्ल्स’ या नावाने नोंदली गेली आहेत. घड्याळांतून रेडियम पुढे हद्दपार झाले, पण बोलीभाषेत त्याचे नाव मात्र चिकटून राहिले. तेव्हा मुलाच्या खोलीतल्या ताऱ्यांमुळे धास्तावण्याचे कारण नाही. मात्र आजोबांचे जुने, चमकत्या आकड्यांचे घड्याळ कपाटात असेल तर ते उघडून त्याचा रंग खरवडण्याचा उद्योग कोणी करू नये.

चमकेचे चार प्रकार

पहिला प्रकार उजेड साठवून ठेवणाऱ्या वस्तूंचा. छताचे तारे, फिकट हिरवट दिसणारी टेप आणि दांडीवरचे स्विच यांत हा पदार्थ असतो. पूर्वी तो तांब्याचा अंश घातलेला झिंक सल्फाइड असे आणि त्याची चमक लवकर ओसरे. १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानमधील नेमोटो या कंपनीने स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटवर आधारित नवा पदार्थ आणला. तो अनेक पटींनी अधिक तेजस्वी असून त्याची मंद चमक कित्येक तास टिकते. आज बाजारात दोन्ही मिळतात. स्वस्त पाकिटांत बहुधा जुनाच पदार्थ असतो. ‘दहा मिनिटांत विझले’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

दुसरा प्रकार उसन्या चमकेचा. हायलायटरची शाई, निऑन रंगाचे कागद आणि चेहऱ्यावर लावायचे काही रंग या गटात येतात. यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश पडला की ते तो दृश्य प्रकाशात बदलून बाहेर टाकतात. दिवा बंद केला की त्याच क्षणी चमकही बंद. सर जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या गुणधर्माचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याला फ्लोरेसन्स हे नाव दिले. आपल्या घरातली नळीही याच तत्त्वावर चालते. नळीत पाऱ्याची वाफ अतिनील प्रकाश निर्माण करते आणि काचेच्या आतला पांढरा लेप त्याचे उजेडात रूपांतर करतो. या प्रकारच्या वस्तू घेतल्या आणि ब्लॅक लाइट घेतला नाही, तर सगळा खर्च वाया.

तिसरा प्रकार रासायनिक. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा जत्रेत विकल्या जाणाऱ्या, वाकवून ‘कट्’ असा आवाज आला की उजळणाऱ्या नळ्या या गटातल्या. आत काचेची नाजूक कुपी असते, तीत हायड्रोजन पेरॉक्साइड असते. कुपी फुटली की ते बाहेरच्या रसायनात मिसळते आणि रंगद्रव्य चमकू लागते. ही क्रिया एकदाच होते. नळी गरम पाण्यात टाकली तर ती लखलखते, पण लवकर संपते. बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर मंद होते आणि जास्त वेळ पुरते. हा एक प्रयोगच मुलांना अर्धा तास गुंतवून ठेवतो.

चौथा प्रकार मुळात चमकतच नाही. ट्रॉलीमागची पट्टी स्वतःचा कणभरही उजेड देत नाही. तिच्यातले काचेचे सूक्ष्म मणी किंवा लोलक, अंगावर पडलेला उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतात. आरसा तसे करत नाही. त्यावर तिरका पडलेला उजेड पलीकडच्या बाजूला निघून जातो. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या पिंपळीसारख्या गावांत हा फरक केवळ पुस्तकी राहत नाही. एरवी आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच वाटेने काटेवाडीकडे जाते, आणि गळीत हंगाम सुरू झाला की याच परिसरातल्या रस्त्यांवरून उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्री-अपरात्री कारखान्यांकडे निघतात. उभ्या ट्रॉलीवर मागून वाहन आदळल्याच्या बातम्या दर हंगामात राज्याच्या ऊसपट्ट्यातून येतात. वाहनांना परावर्तक बसवणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १०४ नुसार बंधनकारक आहे. बैलगाडी मात्र मोटार वाहन नाही, त्यामुळे तिच्या पट्ट्या बहुतांशी कारखाने, पोलिस आणि गाडीवान यांच्या जागरूकतेवर अवलंबून राहतात.

डोळे आधी, दिवे नंतर

खेळ सुरू करण्याआधी सर्वांना दहा मिनिटे अंधारात नुसते बसवावे. हा वेळ फुकट जात नाही. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी सुमारे १० मिनिटांत आपली मर्यादा गाठतात. मंद उजेडासाठी असलेल्या दंडपेशींना मात्र पूर्ण तयार व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. या दंडपेशी हिरवट-निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, म्हणूनच चमकणारे तारे आणि टेप बहुधा हिरवट असतात. लाल चमक त्यांना जवळजवळ दिसत नाही. त्याच कारणाने, खेळ चालू असताना कोणाला पाणी हवे झाले तर टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद बांधून जावे, सगळ्यांचे डोळे पुन्हा दिपत नाहीत. एकाने मोबाइलचा पडदा उघडला की मात्र सर्वांची वीस मिनिटांची कमाई गेली. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवण्याची अट घालायला याहून चांगले शास्त्रीय कारण सापडणार नाही.

या बसण्यातला एक लहानसा खेळ आकाशनिरीक्षकांकडून उचलण्यासारखा आहे. अगदी मंद ठिपक्याकडे थेट न पाहता जरा बाजूला नजर ठेवावी. ठिपका अधिक स्पष्ट दिसतो, कारण दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत दंडपेशी नसतात. मुलांना हे प्रथम पटत नाही. करून पाहिल्यावर ती थांबायला तयार नसतात.

पालकांनी मात्र याच वेळी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. बाकीच्यांना अर्ध्या तासाने दिसू लागले तरी एखादे मूल चाचपडतच असेल, उंबरठ्याला अडखळत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नये. रातांधळेपणा हे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. दृष्टिपटलाचे काही आनुवंशिक आजारही असेच सुरू होतात. वेळीच नेत्रतज्ज्ञांकडे नेल्यास कमतरतेवर उपचार होतो. भरपूर दिव्यांच्या घरात ही खूण वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेला येत नाही.

डाव कसा मांडावा

सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त चालणारा खेळ म्हणजे आपला जुना चंगअष्टा. कुठे त्याला अष्टाचंग म्हणतात, कुठे आणखी काही. पाच बाय पाच अशी पंचवीस घरे, त्यांतली पाच फुलीची. फरशीवर खडूने आखण्याऐवजी उजेड साठवणाऱ्या टेपच्या अरुंद पट्ट्यांनी घरे आखावीत. चारही कवड्यांच्या तोंडाच्या बाजूला त्याच जातीच्या रंगाचा ठिपका द्यावा. अंधारात कवड्या टाकल्या की चमकणारे ठिपके मोजायचे, दान कळते. सोंगट्यांसाठी चिंचोके, बांगडीचे तुकडे असले प्रकार अंधारात चालत नाहीत. बाटल्यांच्या झाकणांवर वेगवेगळ्या आकाराची टेप चिकटवावी. रंगांवर भरवसा ठेवू नये, कारण मंद उजेडात दंडपेशींना रंग कळत नाहीत. निळी आणि हिरवी सोंगटी यांवरून हमखास भांडण होते. गोल, फुली, रेघ आणि ठिपका या खुणा बऱ्या.

टेप ‘भरून’ घेण्याची रीत सोपी आहे. पांढऱ्या एलईडी दिव्याखाली दहा-पंधरा मिनिटे किंवा दुपारच्या उन्हात काही मिनिटे पुरेत. पिवळट झिरोच्या दिव्याखाली ती नीट भरत नाही. याचे कारण मुलांना दाखवता येते. टेपच्या मोठ्या तुकड्याचा अर्धा भाग लाल आणि अर्धा निळ्या जिलेटीनच्या कागदाने झाकून वरून उजेड पाडावा आणि दिवे मालवून कागद काढावा. निळ्याखालचा भाग चमकतो, लालखालचा जवळजवळ काळा राहतो. लाल प्रकाशाच्या कणांत या पदार्थाला जागे करण्याइतकी ऊर्जाच नसते, मग तो कितीही वेळ पाडा. पुंजवादाची ही पहिली पायरी महाविद्यालयात फळ्यावर शिकवली जाते, घरी ती दोन कागदांत दिसते.

टेपचा मोठा पत्रा मिळाला तर ‘गोठलेली सावली’ हा प्रकार करून पाहावा. पत्रा भिंतीला लावायचा, त्यावर हात किंवा चेहऱ्याची बाजू टेकवायची आणि टॉर्च क्षणभर लावायचा. माणूस बाजूला झाला तरी त्याची सावली भिंतीवर राहते. आजीच्या नाकाचा आकार घरात कोणाकोणाकडे उतरला आहे, याचा निकाल इथे लागतो.

बोलिंगसाठी पाण्याच्या सहा रिकाम्या बाटल्यांत थोडे पाणी भरावे, प्रत्येकीत एकेक रासायनिक नळी टाकून झाकण घट्ट लावावे आणि रबरी चेंडूने पाडाव्यात. कड्यांच्या नळ्या गोल जोडून त्याच बाटल्यांवर टाकण्याचा खेळही होतो. या नळ्या एका रात्रीपुरत्याच असतात आणि नंतर तो सगळा प्लास्टिकचा कचरा होतो, म्हणून त्यांचा भडिमार करण्याचे कारण नाही. सहा पुरतात.

ब्लॅक लाइट वेगळा विकत घेण्याऐवजी नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसा छोटा अतिनील टॉर्च घ्यावा. त्याच्या साह्याने ‘चमकेल की नाही?’ हा पैजेचा खेळ रंगतो. घरातल्या पंधरा-वीस वस्तू ताटात मांडायच्या, प्रत्येकाने चिंचोके लावून अंदाज सांगायचा, मग टॉर्च मारायचा. धुण्याच्या पावडरीने धुतलेला पांढरा सदरा निळसर झळाळतो, कारण पावडरीत शुभ्रतेसाठी हाच गुणधर्म असलेली द्रव्ये घातलेली असतात. छपाईचा पांढरा कागद चमकतो, वर्तमानपत्राचा तितका नाही. टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असते, ते निळे दिसते. चिमूटभर हळद हात धुण्याच्या सॅनिटायझरच्या थेंबांत कालवली की पिवळट-हिरवी उजळते, कोरडी मात्र फारशी नाही. पालकाची पाने स्पिरिटमध्ये चुरडून गाळली तर हिरवा रस टॉर्चखाली चक्क लाल होतो, तो हरितद्रव्याचा गुण. (स्पिरिट पेट घेते, म्हणून हे काम मोठ्यांनी, दिवा-निरांजनापासून दूर करावे.) शेवटी पैशांची नोट. नोटेवरच्या क्रमांकाची शाई आणि कागदात विखुरलेले बारीक धागे अतिनील प्रकाशात चमकावेत, अशी रिझर्व्ह बँकेने केलेली सुरक्षेची योजना आहे. खिशातल्या नोटेत इतके काही दडले आहे हे कळल्यावर मोठी माणसेही एकेक नोट काढून बसतात.

ट्रॉलीवरच्या परावर्तक पट्टीचा खेळ लपाछपीचा. लपणाऱ्यांच्या पाठीवर आणि मनगटावर पट्टीचे तुकडे लावावेत. राज्य असणाऱ्याने टॉर्च आधी हात लांब करून बाजूला धरावा आणि मग कपाळाशी, डोळ्यांच्या अगदी शेजारी धरावा. पहिल्या वेळी पट्टी जेमतेम दिसते, दुसऱ्या वेळी भडक पेटल्यासारखी दिसते, कारण परतलेला उजेड टॉर्चपाशीच येतो. आता हाच प्रसंग रस्त्यावर मांडून दाखवावा. चालकाचे डोळे त्याच्या हेडलाइटपासून फार दूर नसतात, म्हणून त्याला पट्टी दिसते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला ती काळीच दिसते. ‘माझ्या सायकलची पट्टी तर चमकत नाही’ म्हणून ती काढून टाकणाऱ्या मुलाची समजूत अशी पटते. ही पट्टी चिखलाने माखली तर निकामी होते, हेही त्याच रात्री ओल्या मातीचे बोट फिरवून दाखवता येईल.

जागरणाची जुनी रीत

रात्री खेळण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. कोजागरीला जागरण करून फाशांनी खेळावे, असे व्रताच्या जुन्या ग्रंथांतच सांगितले आहे. मसाल्याच्या दुधापुढे हा भाग पुष्कळ घरांत मागे पडला. श्रावणातल्या मंगळागौरीच्या जागरणात झिम्मा, फुगडी आणि पिंगा पहाटेपर्यंत चालत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आणि चित्रकथी या कला जपल्या आहेत. तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पांढरी चादर, मागे एक दिवा आणि पुठ्ठ्याच्या चार आकृत्या एवढ्यावर घरचा सावल्यांचा खेळ उभा राहतो. सगळ्या चमकत्या वस्तूंपेक्षा तो स्वस्त आहे आणि, प्रामाणिक मत सांगायचे तर, मुलांच्या लक्षात तोच अधिक राहतो.

काजव्यांचा मोह मात्र टाळावा. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, पुरुषवाडी परिसरात काजवे पाहायला झुंबड उडते आणि बाटलीत भरून आणण्याचा हट्ट मुले धरतात. काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे असते आणि बाटलीत तेही वाया जाते.

अंगणात खेळणार असाल तर

गावाकडे खेळ अंगणात मांडण्याचा मोह होतो. तिथे अतिनील टॉर्च आणखी एका कामाचा आहे. विंचवाच्या कवचात अशी द्रव्ये असतात की अतिनील प्रकाशात तो निळसर-हिरवा चमकतो. लाकडाचा ढीग, विटांची रास, पायरीखालची फट या ठिकाणी खेळाआधी टॉर्च फिरवावा. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, त्यामुळे काही दिसले नाही म्हणून अनवाणी खेळणे योग्य नाही. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात लाल विंचवाचा दंश एके काळी प्राणघातक ठरत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाच्या वापराविषयीचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि त्यानंतर या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कमालीचे घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. औषध आहे, पण ते वेळेवर मिळावे लागते. दंश झाला तर घरगुती उपाय न करता सरळ रुग्णालय गाठावे. साप टॉर्चखाली चमकत नाहीत आणि मण्यार रात्रीच फिरते, हेही लक्षात असू द्यावे. पावसाळ्यात खेळ घरातच बरा.

काय टाळावे

बाजारातल्या बऱ्याच चमकत्या खेळण्यांत आता रसायनाऐवजी एलईडी आणि बटणाच्या आकाराचा सेल असतो. लहान मुलाने हा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या ओलाव्यात विद्युतप्रवाह सुरू होऊन दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणे लहान मुलांच्या घरात आणू नये. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, तडक रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढावा.

नळ्या कापून आतला द्रव भिंतीवर शिंपडण्याचे प्रकार चित्रफितींतून दाखवले जातात. आत फुटलेली काच असते आणि तो द्रव डोळ्यांत गेल्यास जोरदार आग होते. तसे झालेच तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवून डॉक्टरांकडे जावे. शीतपेयात खाण्याचा सोडा टाकला की ते चमकते, हा दावा खोटा आहे. त्या चित्रफितींत नळीतले रसायन गुपचूप मिसळलेले असते, आणि ते पिण्याचा प्रयत्न एखादे मूल करू शकते.

ब्लॅक लाइट म्हणून निर्जंतुकीकरणाची नळी कधीही लावू नये. २०२० मध्ये करोनाच्या काळात असे अनेक दिवे घरोघरी आले. त्यांचा अतिनील प्रकाश वेगळ्या जातीचा असून काही मिनिटांत डोळे आणि त्वचा भाजू शकते. नोटांचा टॉर्च सौम्य असला तरी तोही कोणाच्या डोळ्यांत मारू नये. लुकलुकणारे दिवेही बेताने. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका कार्टूनमधील झपाट्याने लुकलुकणाऱ्या दृश्यांनंतर सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयांत न्यावे लागले होते. घरात कोणाला फिट येण्याचा आजार असेल तर असे दिवे वर्ज्यच.

आजी-आजोबांचा विचार वेगळा करावा लागतो. वयाबरोबर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अधिक वेळ लागतो आणि त्या वयातले एक पडणे वर्षभर पुरते. खेळाआधी फरशीवरचे पायपुसणे, पाट, वायरी उचलाव्यात आणि उंबरठा, पायरीची कड, न्हाणीघराची वाट यांवर चमकणाऱ्या टेपच्या पट्ट्या लावाव्यात. त्यांच्यासाठी धावण्याचे खेळ न ठेवता चंगअष्टा किंवा नोटांची पैज ठेवावी. कवड्यांच्या खेळात ती मंडळी सहसा हरतही नाहीत.

खेळ आटोपल्यावर उंबरठ्याच्या पट्ट्या काढू नयेत, त्या रोजच्या उपयोगाच्या आहेत. विझलेल्या नळ्या न फोडता कचऱ्यात टाकाव्यात, वापरलेले सेल ई-कचऱ्यात द्यावेत आणि ते द्यायच्या दिवसापर्यंत त्यांच्या दोन्ही बाजू चिकटपट्टीने झाकून उंचावर ठेवावेत. परावर्तक पट्टीचे उरलेले तुकडे मुलांच्या दप्तरांना, सायकलच्या मागच्या चाकाला आणि घरी बैलगाडी असेल तर तिच्या मागच्या फळीला लावता येतील. फळी आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, धुळीवर पट्टी धरत नाही.